चाळीस मिनिटांचे काम, चव्वेचाळीस दिवस : पिकअपचे फोर व्हील ड्राइव्ह मॉड्यूल बदलताना

फेब्रुवारीच्या अखेरीस दोनदा असे झाले की, गाडी सुरू केल्यावर फोर व्हील ड्राइव्हच्या गोल बटणाभोवतीचे तिन्ही दिवे क्षणभर लागले आणि विझले. दोन्ही वेळा मी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, दिवे परत आले आणि तो विषय मी तिथेच सोडून दिला. दोन्ही वेळा आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. पण पावसाचा आणि या दिव्यांचा काही संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नाही. हा संबंध कळायला मला पुढे जवळजवळ महिना लागला आणि एक नको असलेली मोटर विकत घ्यावी लागली. ज्यांच्या गाडीचे हे दिवे नुकतेच विझले असतील, त्यांचा तरी तेवढा वेळ वाचावा म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

९ मार्च, शनिवार. गाडीत मागे सामान होते आणि पुढे ओल्या मातीचा चढ होता. पायथ्याशी थांबून मी बटण ‘टू हाय’वरून (फक्त मागची दोन चाके) ‘फोर हाय’वर (चारही चाके) फिरवले. एरवी असे केले की दिवा दोन-तीन वेळा लुकलुकतो, गाडीच्या पोटाखालून मोटर फिरल्याचा ‘कर्र’ असा आवाज येतो आणि दिवा स्थिर होतो. त्या दिवशी ना दिवा लागला, ना आवाज आला. समोरच्या पट्टीवर फोर व्हील ड्राइव्ह तपासून घेण्याची सूचना तेवढी उमटली. मागच्या दोन चाकांच्या जोरावर चढ चढून पाहिला, तर चाके जागच्या जागी फिरून खड्डा करू लागली. शेवटी गाडी मागे घेतली आणि लांबच्या डांबरी रस्त्याने परत आले.

पुढचे समजण्यासाठी ही यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण मला ते माहीत नव्हते आणि म्हणूनच मी फसले. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची पेटी असते. इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना द्यायची की पुढच्याही, हे तिच्यात ठरते. जुन्या गाड्यांत यासाठी वेगळा दांडा असे. आताच्या बहुतेक गाड्यांत बटण असते. हे बटण स्वतः काहीच करत नाही. ते केवळ मागणी नोंदवते. ती मागणी डॅशबोर्डखालच्या एका लहानशा डबीकडे, म्हणजे कंट्रोल मॉड्यूलकडे जाते. मॉड्यूल गाडीचा वेग पाहते, ‘फोर लो’ (चारही चाके, कमी वेग आणि जास्त जोर) मागितले असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे का ते पाहते, आणि अटी पूर्ण झाल्या तर ट्रान्स्फर केसवरच्या मोटरला हव्या त्या दिशेने वीजप्रवाह देते. मोटर आतला काटा सरकवते. मोटरमध्येच जागा सांगणारा सेन्सर असतो. तो ‘पोहोचले’ असे कळवतो, तेव्हा दिवा स्थिर होतो.

यावरून एक साधी गोष्ट निघते. दिवा लुकलुकत राहिला, तर मॉड्यूल जिवंत आहे आणि मोटर, सेन्सर किंवा एखादी अट अडलेली आहे. सगळेच दिवे विझलेले असतील, तर मॉड्यूल तरी गेले आहे किंवा त्याच्यापर्यंत वीज पोहोचत नाही. माझे तिन्ही दिवे विझलेले होते. उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होते, ते वाचता येत नव्हते एवढेच.

१० मार्चला गाडीसोबत मिळालेली पुस्तिका घेऊन फ्यूज शोधले. या मॉड्यूलला दोन फ्यूजमधून वीज मिळते : एकातून कायम आणि दुसऱ्यातून किल्ली फिरवल्यावर. दोन्ही काढून पाहिले, तार शाबूत दिसली, परत बसवले. फ्यूज नुसत्या डोळ्यांनी पाहून चांगला म्हणू नये, हे नंतर शिकले. तो जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांना टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज असली की पेटणारा तपासणीचा दिवा, लावावा. दोन्हीकडे दिवा लागला तरच फ्यूज आणि त्याच्याआधीची वायर ठीक समजावी.

माझ्याकडे मोबाइलला जोडण्याचे कोड वाचणारे लहान यंत्र होते. ते लावले, तर ‘एकही दोष नाही’ असे उत्तर आले आणि मी गोंधळून गेले. खरे म्हणजे यंत्र खोटे बोलत नव्हते, त्याला तेवढेच दिसत होते. गाडीचा प्रत्येक दोष-कोड चारपैकी एका अक्षराने सुरू होतो : इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी पी, चासीसाठी सी, बॉडीसाठी बी आणि मॉड्यूल्सच्या आपापसांतील संपर्कासाठी यू. स्वस्त यंत्रे बहुधा पहिल्याच गटापाशी थांबतात. फोर व्हील ड्राइव्हच्या तक्रारी पुष्कळदा सी आणि यू या गटांत असतात. त्यामुळे अशा यंत्राच्या ‘दोष नाही’ या उत्तरावर समाधान मानू नये.

१२ मार्चला एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मेकॅनिकने बटण फिरवले, खाली वाकून कान दिला आणि उभा राहत म्हणाला, “ताई, मोटर गेली. या गाड्यांची मोटरच जाते.” त्याचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. मोटर गाडीच्या पोटाखाली असते, चिखल आणि पाणी सतत तिच्यावर उडते आणि ती खरोखरच पुष्कळांची जाते. मात्र त्याने एकही वायर तपासली नाही आणि मीही तसा आग्रह धरला नाही. कोणीतरी ठामपणे काहीतरी सांगितले, याचेच मला बरे वाटले होते. मोटर मागवली, १६ मार्चला ती बसवली, बटण फिरवले. दिवे तसेच विझलेले.

मोटर परत करायला गेले, तेव्हा बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले वाक्य दाखवण्यात आले : गाडीला एकदा जोडलेला विजेचा भाग परत घेतला जाणार नाही. ही अट बहुतेक ठिकाणी असते आणि ती का असते हेही समजते. पण ते वाक्य पैसे देण्याआधी वाचायचे असते. एक गोष्ट मात्र नकळत चांगली झाली. जुनी मोटर मी गॅरेजमध्ये न सोडता पिशवीत घालून घरी आणली होती. बदललेला भाग नेहमी मागून घ्यावा. तो कशासाठी लागेल, हे त्या वेळी सांगता येत नाही.

त्यानंतरचा आठवडा मी गाडीकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक लाज वाटत होती. कोणी विचारले तर “भाग मागवला आहे” असे सांगून वेळ मारून नेत होते.

२३ मार्चला ओळखीतून एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. काकांनी बटणाला हात न लावता आधी मला प्रश्न विचारले : दिवे कधीपासून विझतात, सगळे विझतात की एखादा, पावसानंतर काही फरक जाणवतो का? तिसऱ्या प्रश्नाला मी अडखळले आणि फेब्रुवारीतल्या त्या दोन सकाळी आठवल्या. त्यांनी काही न बोलता मान हलवली आणि सर्व मॉड्यूल्स वाचणारा मोठा स्कॅनर जोडला. इंजिन, ब्रेक आणि मीटर या तिन्ही मॉड्यूल्सनी एकच तक्रार नोंदवली होती : यू ०१०२, म्हणजे ट्रान्स्फर केस कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला आहे. त्या मॉड्यूलला थेट हाक दिली, तर त्याच्याकडून उत्तरच नाही.

“आता हे मेले आहे की उपाशी आहे, ते पाहू,” काका म्हणाले. सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा तास तो होता, म्हणून तो सविस्तर सांगते.

स्टिअरिंगखालचे प्लास्टिकचे आवरण काढून त्यांनी मॉड्यूलचा कनेक्टर सोडवला. वायरिंगच्या नकाशात पाहून वीज आणणाऱ्या दोन पिना आणि अर्थिंगची पिन ओळखली. मल्टीमीटरने बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि कनेक्टरवर १२.५ व्होल्ट दाखवले. मी सुटकेचा श्वास सोडला, पण ते थांबले नाहीत. वायरचा एकच बारीक धागा शाबूत असला तरी मल्टीमीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ वीज खातच नाही. खरी परीक्षा भार टाकल्यावर होते. म्हणून त्यांनी इंडिकेटरचा २१ वॉटचा साधा दिवा त्याच पिनांवर लावला. तो लख्ख पेटला. दिवा पेटलेला असतानाच अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातला फरक मोजला, तो ०.०४ व्होल्ट भरला. हा फरक ०.१ व्होल्टच्या आत असला म्हणजे अर्थिंग ठीक समजतात.

मग संपर्काच्या वायरी तपासायच्या होत्या. आजच्या गाड्यांत मॉड्यूल्स एकमेकांशी पीळ दिलेल्या दोन वायरींवरून बोलतात. बॉश या कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या या पद्धतीला कॅन असे म्हणतात. या जोडवायरीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो. बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये मोजले तर दोन्ही रोध समांतर येऊन ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका बाजूचा रोध किंवा वायर तुटलेली, शून्याजवळ दिसले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या. आमच्याकडे ६० च्या जवळचा आकडा आला. बॅटरी पुन्हा जोडून, किल्ली फिरवून मॉड्यूलच्या कनेक्टरवर याच दोन वायरी मोजल्या. एकीवर अडीच व्होल्टच्या किंचित वर, दुसरीवर किंचित खाली. म्हणजे संदेशही तिथपर्यंत पोहोचत होते.

वीज पोहोचते, अर्थिंग आहे, संदेश येतात आणि तरीही उत्तर नाही, तेव्हा मॉड्यूल मेले आहे असे म्हणायचा अधिकार आपल्याला मिळतो. तरी काकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मोटर आतून शॉर्ट झाली असेल तर ती मॉड्यूलमधला प्रवाह देणारा भाग जाळते, आणि मग नवे मॉड्यूलही पहिल्याच दिवशी जळू शकते. मी पिशवीतली जुनी मोटर काढून दिली. टेबलावर ठेवून तिला क्षणभर थेट १२ व्होल्ट दिले, ती एका दिशेला फिरली. टोके उलटी केली, दुसऱ्या दिशेला फिरली. सेन्सरचे आकडेही सलग बदलत होते. मोटर ठणठणीत होती. काकांनी ती मला परत दिली आणि हसू आवरत म्हणाले, “ही जपून ठेवा, ताई. अजून बरीच वर्षे चालेल.”

मॉड्यूलच्या कनेक्टरमधली एक पिन हिरवट झाली होती. त्या संध्याकाळी घरी येऊन मी मॉड्यूलचे झाकण उघडले (या कृत्याची किंमत शेवटी कळेल). आतल्या सर्किटच्या पट्टीच्या एका कोपऱ्यात पांढरट-हिरवा ओघळ वाळलेला होता आणि त्याखालचे तांब्याचे रेषेएवढे मार्ग खाल्ले गेले होते. पाणी शिरले होते, यात शंका उरली नाही. प्रश्न होता तो कुठून.

दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, रविवारी, पायाखालचे गालिचे उचलले. वरून कोरडे वाटणाऱ्या गालिच्याच्या खालचा जाड थर पिळता येईल इतका ओला होता. घरातल्या एकाला टॉर्च देऊन आत बसवले आणि मी बाहेरून पाइपने पाणी सोडले. हे करताना पाण्याचा जोर अजिबात ठेवू नये आणि खालून सुरुवात करून हळूहळू वर जावे. एकदम टपावरून पाणी सोडले तर ते सगळीकडून ओघळते आणि नेमकी जागा कधीच सापडत नाही. दाराची रबरे कोरडी निघाली. पाणी पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर आले, तेव्हा आतून हाक आली. काचेच्या कडेचा जोड एका बोटाइतका सुटला होता. पाणी तिथून आत येऊन वायरींच्या जुडग्यावरून घरंगळत थेट कनेक्टरवर उतरत होते. वायरीला खाली एक झोळ असता, तर पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडले असते. आमच्या जुडग्याला सरळ उतार होता.

३० मार्चला काच काढून नव्याने चिकटवून घेतली आणि तो जोड पक्का होईपर्यंत दिवसभर गाडी हलवली नाही. मॉड्यूल मागवण्याआधी हे काम करणे मला फार आवश्यक वाटते. आधी नवे मॉड्यूल बसवले असते, तर पुढच्या पावसात हीच कथा पुन्हा सुरू झाली असती.

आता मॉड्यूल कुठून आणायचे हा प्रश्न होता आणि त्याला तीन वाटा होत्या. पहिली, आपलेच मॉड्यूल दुरुस्तीसाठी पाठवणे. यात आतली माहिती तशीच राहते, त्यामुळे पुन्हा प्रोग्रामिंग सहसा लागत नाही आणि पैसेही वाचतात. उन्हाने आणि थंडीने सुटलेला सोल्डरिंगचा एखादा डाग पुन्हा द्यायचा असेल तर हीच वाट चांगली. माझ्या पट्टीचे मार्गच खाल्ले गेले होते, म्हणून ती बाद झाली. दुसरी, मोडीत निघालेल्या गाडीतले जुने मॉड्यूल घेणे. हे सर्वांत स्वस्त, पण काही गाड्यांत मॉड्यूल पहिल्या गाडीच्या चासी क्रमांकाशी बांधलेले असते आणि दुसऱ्या गाडीत ते कामच करत नाही. घेण्याआधी आपल्या गाडीच्या बाबतीत हे तपासावे, आणि डबीवरचा भाग क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. तिसरी वाट नव्याची. मी एकदा हात पोळून घेतले होते, म्हणून नवेच घेतले. हा निर्णय भीतीतून आला होता, हे मान्य करते.

१ एप्रिलला मागणी नोंदवायला गेले. गाडी भावाच्या नावावर आहे, त्यामुळे नोंदणीची प्रत, त्याचे सहीचे अधिकारपत्र आणि माझे ओळखपत्र अशी तीन कागदपत्रे मागण्यात आली. अधिकारपत्राचा मजकूर त्यांच्याच नमुन्यात हवा होता, म्हणून पुन्हा घरी जाऊन आले. दुपारी मागणी नोंदली गेली आणि ३ एप्रिलला निरोप आला की, असा चासी क्रमांक अस्तित्वातच नाही. अर्ज काढून पाहिला. क्रमांकातले शून्य कोणीतरी इंग्रजी ‘ओ’ म्हणून टंकित केले होते. सतरा अक्षरी चासी क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण ती १ आणि ० यांच्यासारखी दिसतात. त्यामुळे तसे दिसणारे चिन्ह हा आकडाच असतो. हा क्रमांक तोंडी सांगू नये. नोंदणीच्या कागदावरून स्वच्छ उतरवून द्यावा आणि पावतीवर तो बरोबर उमटला का, हे तिथेच उभे राहून ताडून पाहावे.

पावतीवरचा भाग क्रमांक जुन्या डबीवरच्या क्रमांकापेक्षा वेगळा होता. मी घाबरले, पण चौकशीनंतर कळले की निर्मात्याने जुना क्रमांक बंद करून त्याच्या जागी नवा दिला होता. असे पुष्कळदा होते. तरी “हा क्रमांक त्याच्या जागी चालतो” असे लिहून घेतले. पूर्ण रक्कम आगाऊ भरावी लागली, शिवाय जुने मॉड्यूल परत आणून देण्यासाठी वेगळी अनामत. सात कामाचे दिवस लागतील असे सांगितले होते. मॉड्यूल १९ एप्रिलला आले.

या काळात गाडी चालवावी का, हा प्रश्न अनेकांना पडेल. माझी ट्रान्स्फर केस ‘टू हाय’मध्ये अडकली होती, म्हणून साध्या रस्त्यावर काही अडचण नव्हती. ती ‘फोर हाय’मध्ये अडकली असेल तर मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी चालवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. दोन्ही आस एकमेकांना जखडलेले असताना हा फरक जिरायला जागा मिळत नाही, आणि सगळा ताण शाफ्ट, सांधे आणि ट्रान्स्फर केस यांच्यावर येतो. आणखी एक धोका अधिक गंभीर आहे. काटा मधेच, न्यूट्रलच्या जागी अडकला असेल, तर ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये ठेवूनही उतारावर घरंगळू शकते, कारण चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटलेला असतो. ही यंत्रणा बिघडलेली असेपर्यंत हँडब्रेक लावल्याशिवाय गाडीतून उतरू नये.

२० एप्रिल. प्रत्यक्ष बसवणे मी स्वतः केले. किल्ली बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवले आणि पुस्तिकेत सांगितला होता तेवढा वेळ थांबले. स्टिअरिंगच्या आसपास एअरबॅग असते आणि बॅटरी सोडवल्यावरही तिच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली राहते, म्हणून ही घाई करू नये. काढण्याआधी प्रत्येक कनेक्टरचा फोटो घेतला. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून गाडीच्या उघड्या धातूला हात लावला आणि मगच नव्या डबीचे पाकीट फाडले. हिरवट पिन काकांनी आधीच बदलून दिली होती. दोन स्क्रू, दोन कनेक्टर, आवरणाच्या खिट्ट्या (त्यातली एक तुटलीच) आणि शेवटी वायरींच्या जुडग्याला बांधून दिलेला झोळ, असे सगळे मिळून चाळीस मिनिटे लागली. किल्ली फिरवली आणि तिन्ही दिवे एकाच वेळी लुकलुकू लागले. चालू काहीच होत नव्हते, पण सहा आठवड्यांनी तिथे काहीतरी हालचाल दिसली, एवढ्यानेच मला हायसे वाटले.

नवे मॉड्यूल कोरे असते. आपण कोणत्या गाडीत आहोत, मागच्या आसाचे गुणोत्तर किती, टायर केवढे, यांपैकी त्याला काहीच ठाऊक नसते. ही माहिती निर्मात्याच्या प्रणालीतून उतरवून घ्यावी लागते आणि त्यासाठी वेगळे शुल्क पडते. मी २२ एप्रिलची वेळ घेतली होती. जाताना टायरच्या बाजूवरचा आकार आणि दाराच्या चौकटीवरची पट्टी यांचे फोटो घेऊन गेले, आणि ते दोन्ही विचारले गेले.

पहिला प्रयत्न निम्म्याहून थोडा पुढे जाऊन थांबला. लॅपटॉपवर लाल अक्षरे आली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण अर्धवट प्रोग्रामिंग झालेले मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते, असे मी कुठेतरी वाचले होते. कारण साधे निघाले. किल्ली चालू, दार उघडे, अंधारामुळे हेडलाइट आपोआप लागलेले; बॅटरी हळूहळू उतरत होती. तिला स्थिर व्होल्ट देणारा पुरवठा जोडला. या कामाला साधा चार्जर चालत नाही, कारण त्याचा प्रवाह चढउतार करतो. दिवे आणि पंखा बंद केले आणि दुसऱ्या प्रयत्नात सगळे नीट उतरले. घेतलेल्या वेळी गेल्यावर आधी बॅटरीला पुरवठा जोडला आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

शेवटची पायरी मोटरच्या जागा शिकवण्याची होती. गिअर न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकवर, आणि स्कॅनरवरून आज्ञा. पोटाखालून तो ‘कर्र’ आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मोटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परतली आणि ‘टू हाय’चा दिवा स्थिर झाला. मी बाहेर उभी होते. मला आत जाऊन बसावेसे वाटले, पण पायच हलले नाहीत.

परत येताना खडीच्या सरळ वाटेवर ‘फोर हाय’ लावून पाहिले. मग पूर्ण थांबून, न्यूट्रल करून ‘फोर लो’. इथे धीर धरावा लागतो. दिवा स्थिर होण्याआधी गिअर टाकला तर दाते करकरतात. सगळे कोड पुसल्यावर गाडी तीन वेळा बंद-चालू करून स्कॅनरने पुन्हा वाचून घेतले. यू ०१०२ परत आला नाही.

रकमा ठिकाणाप्रमाणे आणि गाडीप्रमाणे बदलतात, म्हणून प्रमाण सांगते. नव्या मॉड्यूलची किंमत १०० धरली, तर माझी मोटर ६० ची, तपासणी १२ ची, काचेचे काम २० चे, प्रोग्रामिंग ३५ चे आणि अनामत १५ ची. एकूण २४२. यातली ६० ची मोटर १२ ची तपासणी आधी केली असती तर लागलीच नसती.

अनामतीचे राहिलेच. जुने मॉड्यूल मूळ खोक्यात घालून, पावतीची प्रत जोडून २४ एप्रिलला परत दिले आणि पोच घेतली. १३ मेपर्यंत काही कळले नाही म्हणून विचारणा केली. २० मेला लेखी उत्तर आले : झाकण उघडल्याच्या खुणा आढळल्यामुळे अनामत परत करता येत नाही. पावतीच्या मागे ती अट होती. मी मात्र झाकण मार्चमध्येच, अनामतीची गोष्ट कळण्याआधी, उघडून बसले होते. ते उत्तर बिलांच्या फायलीत शेवटी लावून ठेवले आहे. जुनी मोटर तेलाचा हात देऊन, कोरड्या कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवली आहे. तिच्यावर तारीख आणि ‘चांगली’ असे लिहिलेले आहे.